आमच्यांचं मलम

गोदावरीनं लग्नानंतरच्या पाच वर्षांत नवऱ्याचं नाव तीनदाच घेतलं होतं. एकदा नणंदेनं दार अडवलं तेव्हा, एकदा मंगळागौरीला आणि एकदा शेजारच्या बारशात, सगळ्याच जणी मागे लागल्या म्हणून. एरवी 'अहो', 'ऐकलंत का' आणि फारच अडलं तर बांगड्यांचा आवाज, एवढ्यावर तिचा संसार झकास चालला होता. आपल्याला तसलं बंधन नाही, तेव्हा सांगून टाकू या. त्यांचं नाव अप्पाजी. अप्पाजी आजरेकर.

हुबळीच्या कमरीपेठेत, एका बाजूला पत्र्याचे डबे ठोकणारा आणि दुसऱ्या बाजूला कापूस पिंजणारा, अशा दोन आवाजांच्या मधे अप्पाजींचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिथे एकच वस्तू मिळायची, टाचांच्या भेगांवरचं मलम. राळ, मेण आणि तिळाचं तेल कढवायचं, कापडातून गार पाण्यात गाळायचं आणि मग परातीत शंभर वेळा पाणी बदलून फेटायचं, की ते लोण्यासारखं पांढरं होतं. शंभर म्हणजे शंभर. नव्याण्णवाव्या पाण्याला कंटाळून हात पुसणाऱ्यातले अप्पाजी नव्हते. मलमही असं की आठवड्याभरात टाच पोरीबाळींसारखी व्हावी. पण ते विकायचं कसं, याचा मात्र या गृहस्थाला गंध नव्हता. गिऱ्हाईक आलं की ते खाली बघायचे. माणसाच्या तोंडाकडे बघून बोलणं त्यांना जन्मात जमलं नाही. पायांकडे बघून मात्र ते पुटपुटत, "ही डावीकडची जुनी आहे. हिला दहा दिवस लागतील." गिऱ्हाइकाला वाटायचं, दुकानदार आपल्यावर कशानं तरी रागावलाय.

हे मलम जन्माला आलं तेही असंच, न बोलता. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत, निपाणीला, विहिरीचं पाणी भरायचं काम नव्या सुनेच्या वाट्याला आलं आणि महिन्याभरात गोदावरीच्या टाचा उलल्या. तिनं कुणाला सांगितलं नाही. एके सकाळी देवळीत, तिच्या फणीकरंड्याच्या शेजारी एक वाटी दिसली. वाटीत पांढरंशुभ्र काहीतरी. कुणी ठेवलं, कशाला ठेवलं, कुणी काही बोललं नाही. पण त्या दिवशी जेवताना अप्पाजींची नजर तीनदा तिच्या पायांकडे गेली. त्या वाटीपासून गोदावरीचा या अबोल माणसावर जो जीव जडला, तो जडलाच.

निपाणीला थोरले दीर बाबाजी यांची तंबाखूची वखार होती आणि अप्पाजी तिथे पोती उतरवून घ्यायला उभे राहायचे. तंबाखूची धूळ त्यांच्या छातीत बसली. खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "ही धूळ आणखी दोन वर्षं खाल्लीत, तर तिसरं बघायला तुम्ही राहणार नाही." मग अप्पाजी, गोदावरी आणि अप्पाजींची विधवा थोरली बहीण अंबूताई, अशी तिघं हुबळीला आली. नवी राज्यं होऊन हुबळी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली, त्याच साली. दुकानाच्या पाटीवर आणि मलमाच्या डबीवर एका ओळीत मराठी, एका ओळीत कन्नड अशी अक्षरं आली: अप्पाजी मलम. नाव घालायचा हट्ट गोदावरीचा. जे तोंडानं घेता येत नाही, ते निदान दिवसभर डोळ्यांनी बघता तरी येईल, एवढाच तिचा हिशेब.

पहिला हिवाळा कसाबसा सरला. दुसऱ्या हिवाळ्यात, दिवाळी होऊन महिना झाला तरी फडताळातली डब्यांची रांग जागची हलेना. तेवढ्यात निपाणीहून दादांचं, म्हणजे बाबाजींचं, कार्ड आलं. बाबाजी काही दुष्ट नव्हते. धाकट्या भावाची काळजी त्यांना खरीच होती, फक्त ती वखारीच्या पलीकडे जात नव्हती. 'ऊन वाढल्यावर तुझ्या मलमाला कोण विचारणार? होळीपर्यंत बघ. नाही जमलं तर मी स्वतः येऊन तुम्हां सर्वांना घेऊन जातो. वखारीत तुझी जागा आहेच. धूळ हल्ली कमी असते.'

"कमी असते म्हणे!" अंबूताई कडाडली. "धूळ काय पाहुणी आहे, कमीजास्त यायला?"

अप्पाजींनी कार्ड खुंटीवरच्या तारेत अडकवलं. "दादाचं ऐकावं म्हणतो," एवढंच बोलले आणि परातीपाशी जाऊन बसले.

होळीच्या आत मलम खपलं तर हा माणूस आपला, नाहीतर वखारीचा. यात तिसरं काही नव्हतं. आणि खपवणार कोण? जो गिऱ्हाइकाकडे मान वर करून बघत नाही, तो?

मार्गशीर्षातल्या एका सकाळी कढत्या तेलाचा थेंब उडून तिचा हात भाजला आणि ती सरकारी दवाखान्यात गेली. खिडकीत नाव सांगून कागद घ्यायचा असायचा. एरवी अशा वेळी अंबूताई बरोबर असे. पण तिचा गुडघा धरला होता, म्हणून गोदावरी एकटीच गेली होती.

खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "हेसरु?"

"गोदावरी."

"गंडन हेसरु?"

नवऱ्याचं नाव! सांगायला अंबूताई नाही, ओळखीचं कुणी नाही. मागे तीस-चाळीस बायकांची रांग, कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या हाताला फडकं बांधलेलं. गोदावरी घामाघूम झाली.

"लगून हेळवा," कारकून वैतागून म्हणाला. लवकर सांगा.

नुसतं नाव घेणं शक्यच नव्हतं. नाव घ्यायचं तर उखाण्यातच घ्यायचं, लहानपणापासून अंगवळणी पडलेलं दुसरं काही नव्हतं. आणि डोक्यात तर सकाळपासून मलम, मलम आणि मलमच. तिनं डोळे मिटले आणि तोंडाला आलं ते बोलून टाकलं.

"काळ्या मातीत चालून पडल्या टाचेला भेगा,
अप्पाजींचं मलम लावून फुगडी घालते बघा!"

कारकुनाचा टाक थांबला. रांगेत असा हशा उठला की आतली नर्स दार उघडून बघायला आली. एक कानडी म्हातारी पुढे होऊन गोदावरीच्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "चलो हेळ्दि, तंगी!" छान म्हणालीस, पोरी. त्यांच्यातही नाव असंच घेतात, ओडपु म्हणतात त्याला. मागची एक मराठी बाई मात्र व्यवहारी निघाली. तिनं विचारलं, "मलम खरंच आहे का ओ, का नुसतं नावापुरतं?"

गोदावरीनं लुगड्याचा काठ चार बोटं वर घेतला आणि टाच पुढे केली. "बघा की."

रांगेतल्या सगळ्या जणी वाकून बघू लागल्या. कारकूनसुद्धा खिडकीतून वाकला. दुपारी कमरीपेठेत दोन बायका मलम विचारत आल्या. दोन! अप्पाजींनी त्यांच्या पायांकडे बघून डब्या दिल्या आणि त्या गेल्यावर कितीतरी वेळ ते उंबऱ्याकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी मलम फेटताना, साठाव्या-एकसष्टाव्या पाण्याच्या सुमाराला, गोदावरीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या गावात बाईला नवऱ्याचं नाव विचारणाऱ्या खिडक्या किती तरी! सरकारचं म्हणजे असं, नवऱ्याचं नाव कळल्याशिवाय बाईला गोळीसुद्धा द्यायचं नाही. आणि प्रत्येक खिडकीमागे बायकांची रांग. ताटकळलेल्या, कंटाळलेल्या, आणि प्रत्येकीला दोन दोन टाचा.

मग गोदावरीनं जे सुरू केलं, त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. ती नगरपालिकेत नळाची चौकशी करायला गेली. ज्या भाच्याचा अजून जन्मही व्हायचा होता त्याच्या शाळेची चौकशी करून आली. मतदारांच्या यादीत आपलं नाव आहे का हे तिनं दोनदा तपासून घेतलं. दवाखान्यात तर हात बरा झाल्यावरही जात राहिली. चौथ्या खेपेला कारकुनानं हात जोडले. "अक्का, निम्म यजमानर हेसर नमग गोत्तैति!" तुमच्या मालकांचं नाव आम्हाला पाठ झालंय! पण मागच्या बायका सोडतात होय? "हेळ्री, हेळ्री," सांगा, सांगा म्हणत त्यांनी खिडकी डोक्यावर घेतली, आणि गोदावरीला नाव घ्यावंच लागलं.

खिडक्या संपल्या तेव्हा तिनं खिडकी नसलेल्या जागा शोधल्या. उणकलच्या तळ्यावर बायका धुणं धुवायच्या, ओल्या दगडावर उभ्या राहून पाय पांढरेफटक पडलेले. तिथे तिनं पदर खोचून दोन पातळं धुतली आणि कुणी नाव विचारायची वाट न बघता उखाणा म्हटला. मठाच्या दारात, चपला सोडायच्या जागी, जिथे माणसाच्या टाचा आपोआप उघड्या पडतात, तिथे ती गुरुवारी बसू लागली. अळणावरच्या पॅसेंजरमध्ये बायकांच्या डब्यात, सरपणाच्या मोळ्यांवर बसलेल्या शेवंता आणि भागीरथी नावाच्या दोघी जावांना तिनं बोटभर मलम स्वतःच्या हातानं लावलं आणि त्यांच्यासाठी खास दुसरा उखाणा जुळवला.

"अळणावरच्या गाडीला लाकडाचं ओझं,
अप्पाजींच्या मलमानं हलकं पाऊल माझं!"

भागीरथी म्हणाली, "आणखी एकदा म्हणा की वैनी, पाठ करून घेते." गोदावरीनं चारदा म्हटलं. घराकडे परतताना तिला गाडीच्या चाकांतूनही तेच ऐकू येत होतं.

हे सगळं अंबूताईच्या कानावर जायला किती वेळ लागणार? एके दुपारी तिनं गोदावरीला समोर बसवलं. मोतीबिंदूनं तिला फारसं दिसत नव्हतं, पण रागवायचं कुणाकडे बघून हे बरोबर कळायचं.

"गोदे, नवऱ्याचं नाव म्हणजे काय भाजी आहे, गल्लोगल्ली ओरडून सांगायला? बाईनं एकदा नाव घेतलं की त्याचा एक दिवस कमी होतो. आमच्या आईनं मला सांगितलंय. मी एकदाही घेतलं नव्हतं, तरी माझं कुंकू राहिलं नाही. तू तर रांगेत उभी राहून घेतेस!"

"असं काही नसतं, वन्सं," गोदावरी हसून म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी पहाटे अप्पाजींना खोकल्याची उबळ आली. गोदावरी त्यांची पाठ चोळत बसली आणि मनाशी मोजू लागली. दवाखान्यात सहा वेळा. तळ्यावर नऊ. गाडीत चार आणि चार आठ. मोजता मोजता साठाच्या वर आकडा गेला. आपण यांना वाचवायला निघालो, आणि आपणच यांचे दोन महिने खाल्ले?

त्यानंतर चार दिवस ती घराबाहेर पडली नाही. पाचव्या दिवशी अप्पाजींनी परातीतून मान न उचलता विचारलं, "जात नाहीस?"

तिला रडू आवरेना. तिनं सगळं सांगितलं, आकड्यासकट.

अप्पाजींनी परातीतलं पाणी बदललं. मग म्हणाले, "वखारीत मला नाव नव्हतं. बाबाजींचा भाऊ, एवढंच. हमाल हाक मारायचे तेसुद्धा 'ओ, बाबाजींचा भाऊ!' परवा पोस्टात गेलो तर एक बाई तिच्या मुलीला म्हणाली, ते बघ अप्पाजी. मलमवाले अप्पाजी." ते थांबले. एवढं सलग बोलायची सवय नव्हती. "दिवस जायचे तर जाऊ देत. वखारीत जाणारच आहेत. तू घे नाव. मला बरं वाटतं."

गोदावरीनं डोळे पुसले, पातळ बदललं आणि सरळ मठाचा रस्ता धरला.

संक्रांत आली तोवर फडताळातली डब्यांची रांग थोडीफार हलली होती. पण थोडीफारच. उखाणा मात्र गावभर पोचल्याचं कानावर येत होतं. गोदावरीला कळेना, उखाणा एवढा पळतोय आणि मलम का चालत नाही? ते कोडं उणकलला सुटलं. तिथे नव्या वस्तीत जयलक्ष्मी नावाच्या ओळखीच्या बाईकडे हळदीकुंकू होतं. वाण लुटून झालं, तिळगूळ झाला, आणि एका नव्या नवरीला सगळ्यांनी नाव घ्यायचा आग्रह केला. शालिनी तिचं नाव. ती लाजत उभी राहिली.

"काळ्या मातीत चालून पडल्या टाचेला भेगा..."

गोदावरीचं काळीज सुपाएवढं झालं. आपला उखाणा, न ओळखणाऱ्या पोरीच्या तोंडी!

"...शंकररावांचं मलम लावून फुगडी घालते बघा!"

टाळ्या पडल्या. "आम्हालाही हाच येतो की!" म्हणत दुसरी उठली आणि तिनं पांडुरंगरावांचं मलम लावलं. तिसरीनं तुकारामपंतांचं. एका कानडी बाईनं तोच कानडीत म्हटला, त्यात तर मल्लप्पांचं मलम होतं. हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. गोदावरीच्याही आलं, पण ते वेगळं होतं.

अगं गोदावरी, तू स्वतः काय करत आलीस? दुसरीचा उखाणा आवडला की शब्द न् शब्द उचलायचा आणि नाव तेवढं आपल्या माणसाचं घालायचं. हे तर शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं. उखाण्यातली एकच जागा अशी की तिथला शब्द कुणीही उचलत नाही, उचलायचाच नसतो. आणि नेमक्या त्याच जागी तिनं दुकानाचं नाव ठेवलं होतं. घरोघर मलम गेलं, अप्पाजी मात्र कुठेच गेले नव्हते. तिनं सहज म्हणून शालिनीला विचारलं, "हे मलम असतं कुठे, माहीत आहे?" ती भाबडेपणानं म्हणाली, "म्हणजे? खरंच असतं?"

घरी येऊन गोदावरीनं अप्पाजींसमोर बसून सगळं सांगितलं. ऐकता ऐकता अप्पाजींच्या ओठांचे कोपरे हलू लागले, आणि मग हा माणूस चक्क हसला. पाच वर्षांत तिनं त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "म्हणजे हुबळीत सगळ्यांचं मलम झालं," ते म्हणाले, "फक्त माझंच नाही." हसण्यातून खोकला सुटला, आणि गोदावरीला त्या हसण्याचंही भय वाटलं. होळीला सव्वा महिना राहिला होता. आता नवा उखाणा कधी जुळवायचा आणि कधी फिरवायचा? तिनं मनातल्या मनात निपाणीला न्यायची भांडी वेगळी काढली.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी एक बाई दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. काही बोलेना. गोदावरीच पुढे गेली.

"काय पाहिजे?"

"ते... हे आहे का?" बाईनं पायाकडे बोट दाखवलं.

"मलम?"

"हां. ते आमच्यांचं." आणि ती लाजेनं लाल झाली.

"कुणाचं?"

"आमच्यांचं हो! आमच्या यांचं मलम! आता नाव कसं घेऊ बाजारात?" बाई रडकुंडीला आली होती. "चार दुकानं फिरले. टाच फुटून रक्त येतंय. वाण्याला सांगते आमच्यांचं मलम द्या, तर तो म्हणतो, तुमच्यांचं मलम माझ्याकडे कसं असेल? शेवटी एक जण म्हणाला, टाचेचं मलम सबंध गावात कमरीपेठेतला आजरेकरच करतो, तिकडे जा."

गोदावरी तिच्याकडे बघतच राहिली. हिनं उखाणा घेतला, आपल्या नवऱ्याचं नाव त्यात घातलं, आणि आता तेच नाव तिला दुकानात उच्चारता येत नव्हतं. नाव माहीत असून सांगता न येणारं गिऱ्हाईक! गोदावरीनं तिला पायरीवर बसवलं, पाणी दिलं आणि डबी उघडून बोटानं तिच्या टाचेला मलम लावलं.

तिच्या मागून दुसरी आली. "नम्मवर मुलामु ऐति?" म्हणजे तेच, आमच्यांचं मलम आहे का? मग तिसरी. मग बाजारातल्या त्याच वाण्यानं डब्या मागवल्या. त्याच्या दुकानात रोज पाच-सात बायका टाचा दाखवून गप्प उभ्या राहत होत्या म्हणे. महाशिवरात्रीपर्यंत फडताळ रिकामं झालं. अप्पाजी दिवसाला दोन घाणे काढू लागले आणि अंबूताई बडबडत का होईना, डब्यांची झाकणं पुसू लागली.

एका सकाळी गोदावरी बाहेर आली तर अप्पाजी कात्री घेऊन बसलेले. डबीवरच्या छापील कागदातून ते 'अप्पाजी' तेवढं कापून काढत होते. त्या जागी टाकानं टिंबं देऊन लिहीत होते: '........ यांचं मलम'. खाली कानडीत तेच.

तिनं कात्री हिसकावून घेतली. "हे काय चालवलंय? आपलं नाव आपणच कापायचं?"

"अगं, त्या बायका आमच्या यांचं मलम म्हणून डबी घरी नेतात. वर नाव माझं. नवरा विचारेल, हा अप्पाजी कोण?"

गोदावरीला हसू आलं. "पण तुम्हाला नाव हवं होतं ना?"

अप्पाजींनी या वेळी वर बघितलं. सरळ तिच्याकडे. "तू घेतलंस तेवढं पुष्कळ झालं मला."

होळीला पाच दिवस असताना बाबाजी आले. धिप्पाड देह, डोक्याला फेटा, हातात वळकटी. दुकानासमोर टांगा थांबला, पण पायरीवर बायकांची इतकी गर्दी की आत जायला वाट मिळेना. "अरे, माझ्या भावाचं घर आहे हे!" असं दोनदा ओरडल्यावर त्यांना आत सोडलं. गोदावरी आतल्या दारामागे उभी राहिली. गर्दी झाली म्हणून काय झालं? दादांनी एकदा ठरवलं की ठरवलं.

बाबाजी घाम पुसत बसले. पाणी प्यायले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "अप्पा, वखारीचं नंतर बोलू. आधी मला एक सांग. माझ्या नावाचं मलम कुठे मिळतं?"

"तुमच्या नावाचं?"

"हो. रथसप्तमीला तुझ्या वैनीनं हळदीकुंकवात नाव घेतलं. बाबाजींचं मलम लावून फुगडी घालते, असं काहीतरी. तेव्हापासून अर्ध्या निपाणीच्या बायका वखारीच्या दारात येऊन मलम मागतात. मी सांगतो, बाई, इथे तंबाखू मिळतो. तर म्हणतात, लपवता कशाला? हमाल हसतात रे मला!"

आतून अंबूताईचा खो खो हसण्याचा आवाज आला. अप्पाजींनी उठून फडताळातली एक डबी बाबाजींच्या हातात दिली. त्यांनी ती लांब धरून वाचली, उलटी केली, पुन्हा वाचली.

"इथे तर नावच नाही."

"ज्याचं त्यानं घालायचं," अप्पाजी म्हणाले. "तुमच्या घरात ते तुमचंच."

बाबाजी थोडा वेळ डबीकडे आणि थोडा वेळ भावाच्या तोंडाकडे बघत राहिले. पायरीवर कुणीतरी विचारत होतं, आमच्यांचं संपलं तर नाही ना?

"किती आहेत तेवढ्या बांध," ते शेवटी म्हणाले. "आणि दर पंधरा दिवसांनी पाठवत जा."

"आणि होळीनंतर मी? वखारीत?"

"तू वखारीत आलास तर निपाणीला मलम कोण पाठवेल?" बाबाजी करवादले, जसं काही वखारीचं खूळ दुसऱ्याच कुणाचं होतं. दारामागे गोदावरीनं भिंतीला टेकून डोळे मिटले. तिला देव आठवला नाही की काही नाही, फक्त दवाखान्याची ती खिडकी आठवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबाजी डब्यांचं खोकं घेऊन गाडीला गेले. गोदावरी त्यांचं ताट उचलून आत आली आणि थबकली. देवळीत, तिच्या फणीकरंड्याच्या शेजारी, एक डबी ठेवलेली होती. इतरांसारखीच, पण हिच्यावरची टिंबं भरलेली. टाकाच्या वळणदार अक्षरांत टिंबांच्या जागी एक नाव लिहिलं होतं. ती तिथेच उभी राहून वाचत राहिली.

"काय आहे गं तिथे?" अंबूताईला हालचाल थांबलेली कळली. "डबी का? काय लिहिलंय? पुन्हा त्याचंच नाव का?"

गोदावरी त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली.

दुकानात अप्पाजींपुढे तीन बायका होत्या. तिघी टाचा पुढे करून उभ्या. पाच वर्षांत या माणसानं बायकोला 'अगं' खेरीज हाक मारली नव्हती. त्यांनी मान वर केली, त्या तिघींच्या डोक्यांवरून आत बघितलं आणि सगळ्या कमरीपेठेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "गोदावरी."

ना उखाणा, ना यमक. नुसतं नाव. तिघी बायकांनी पदर तोंडाला लावला.

"अरे, बायकोचं नाव घेतलं की तिचंही आयुष्य कमी होतं का रे?" अंबूताईनं आतून विचारलं, पण आवाजात राग नव्हता.

"घेऊन बघू, अक्का," अप्पाजी म्हणाले. आणि परत, जरा चाचरत, पण तितक्याच मोठ्यानं, "गोदावरी, परात आण. पाणी बदलायचंय."

गोदावरीनं डोळे पुसले आणि परात नेऊन दिली.